धाकू शिवलकरची पलटी

धाकू शिवलकरचा उजवा पाय गुडघ्यात वाकत नसे. नवख्या माणसाच्या हे लवकर लक्षात येत नसे, कारण त्याने सगळं जगणंच त्या पायाच्या मापाने बेतून घेतलं होतं. जेवायला तो भिंतीला पाठ लावून बसे आणि पाय सरळ पुढे सोडी. त्याची बायको दमयंती त्या पायाला वळसा घालून वाढत असे. सायकलचं उजवं पायडल त्याने काढूनच टाकलं होतं आणि एका पायाने तो भाट्याच्या पुलापर्यंत जाऊन येई. फाटलेली जाळी सांधायला बसला की जाळ्याचं टोक त्याच पायाच्या अंगठ्यात अडकवी. मग दुपार कलंडली तरी तो पाय हलत नसे. त्याच्या मांडवी गावातले लोक म्हणत, खुंटी एक वेळ निघेल, धाकूचा पाय नाय निघायचा.

पाय धड होता तेव्हा बरीच वर्षं तो मोठ्या बोटींवर खलाशी होता. पाय गेला तो एका परक्या बंदरात, बोट धक्क्याला बांधताना. ताणलेला दोर तुटला आणि परत आला. तुटलेला दोर कसा येतो हे खलाशाला सांगावं लागत नाही. धाकूला तो येताना दिसलाही होता, पण दिसणं आणि सरकणं यांच्यात जेवढा वेळ लागतो तेवढाही मिळाला नाही. तिथल्या इस्पितळात पाय वाचवला, गुडघा नाही वाचला. एक्क्याऐंशी सालच्या दिवाळीनंतर तो घरी आला आणि परत बोटीवर गेला नाही.

बोटीवरून येणारे लोक काही ना काही आणत. कुणी टेपरेकॉर्डर, कुणी अत्तराच्या बाटल्या, काचेची भांडी. धाकूने एक डाव आणला होता.

ब्राझीलच्या सांतोस बंदरात त्याची बोट एकदा इंजिनाच्या दुरुस्तीसाठी अडकून पडली होती. तिथे टोनिन्यो नावाचा एक बंदरकामगार संध्याकाळी गोदामातल्या कॉफीच्या रिकाम्या गोणींवर पोरांना जुजुत्सू शिकवत असे. कुस्तीसारखंच, पण यात पाठ टेकली म्हणून हार होत नसे. उलट खरी गंमत पाठ टेकल्यावरच सुरू होई. हे धाकूला फार आवडलं. खाली पडलेल्या माणसाने वरच्याला दोन्ही पायांत धरलं तर टोनिन्यो त्याला राखण म्हणे, निदान धाकूने त्याच्या बोलण्याचा तसा अर्थ लावला. वरच्याचा एक पाय निसटला आणि एकच हाती राहिला तर ती अर्धी राखण. गेलेला माणूस आणि न गेलेला माणूस यांच्या मधली ती जागा. तिथून वरच्याला उलटवून आपण वर यायचं, त्याला धाकू पलटी म्हणू लागला.

टोनिन्योची पलटी धडधाकट गुडघ्याची होती. पाय दुमडून, पावलाने उचलून करायची. घरी परतल्यावर पहिली दोन वर्षं धाकू त्याविषयी बोललाच नाही. मग एका पावसाळ्यात, होड्या वर ओढून माडाच्या झापांखाली ठेवल्या होत्या आणि कुणालाच काही काम नव्हतं, तेव्हा त्याने बाबल्याला वाळूवर नेलं. बाबल्या शेजारचा, मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावर बर्फाच्या लाद्या उचलणारा दांडगा गडी. त्याने धाकूच्या छातीवर आडवं पडायचं आणि धाकूने खालून धडपडायचं, असा दोघांचा उद्योग सुरू झाला. येणारेजाणारे थांबून बघत. एकजण म्हणाला, "धाकूशेठ, घरची बाई माहेरी गेली काय?" धाकूने बाबल्याच्या काखेखालूनच उत्तर दिलं, "ती हाय घरी. ती ह्याच्याहून जड हाय."

उजवा पाय दुमडत नव्हता, म्हणून तो दुमडायचाच नाही असं त्याने ठरवलं. होडी वाळूवरून ओढताना तिच्याखाली ओंडके घालतात, तसा तो पाय त्याने वरच्या माणसाच्या खाली सरळ, ताठ टाकला. खांदा बाबल्याच्या काखेत शिरवला, डाव्या टाचेने त्याचा पाय जखडला, आणि सगळं अंग एकदम वळवलं. बाबल्या त्या ताठ पायावरून ओंडक्यावरून घरंगळावा तसा घरंगळला आणि त्याच्या तोंडात वाळू गेली. धाकू त्याच्या छातीवर होता. किती वेळ तो उठलाच नाही. मोडलेल्या पायाने झालेलं ते पहिलं काम होतं जे चांगल्या पायाने झालं नसतं.

दमयंती सांगते, त्या दिवशी घरी आल्यावर त्याने हातपाय न धुताच चहा मागितला आणि बोटीवरून आल्यापासून पहिल्यांदा शीळ घातली.

त्याची मुलगी राही तेव्हा शाळेत होती. कॉलेजात गेल्यावर तिथल्या पावसकर सरांनी मुलींचा ज्युदोचा वर्ग काढला आणि शेजारची कमळा जाते म्हणून राहीही जाऊ लागली. ज्युदोला लागणारा जाड सदरा दमयंतीने दुहेरी मांजरपाटाचा शिवला. राही अंगाने बारीक, बुटकी, पण तिचे पाय मोठे चपळ होते. बसल्या जागेवरून ती हात न टेकता उठे. पावसकर सर फेकायला उत्तम शिकवत, मात्र जमिनीवर गेल्यावर काय करायचं ते त्यांना फारसं येत नसे, आणि तसं ते मोकळेपणी कबूलही करत. तेव्हा धाकूने परसात काथ्या भरलेली गादी घातली.

गादीवर तो स्वतः खाली पडून बाबल्यावर पलटी दाखवी. मग राहीने खाली पडायचं आणि कमळाने वर. मुलीच्या अंगावर तो स्वतः कधी गेला नाही, ते त्याला बरं वाटत नसे. बाजूला भिंतीशी बसून तो सांगे, पाय सरळ, अजून सरळ, गुडघ्यात हाडच नाय असं समज. राही तसं समजे. थोड्या महिन्यांत तिचा उजवा पाय गादीवर बापाच्या पायासारखाच पडू लागला.

राहीने ऐकलं यात नवल नव्हतं. धाकूचा बाप शिडाच्या मचव्यावर तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, होता आणि त्या घरात एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. खाडीच्या तोंडाशी लाट फुटते तिथून मचवा बाहेर काढताना तांडेल एकच शब्द बोलतो. सोड म्हटलं की दोर सोडायचा, बस म्हटलं की बसायचं. का, ते मागाहून विचारायचं. तो शब्द ओरडून नाही, एका खालच्या, सपाट आवाजात येतो. राही लहान असताना होडीत उभी होती आणि धाकू त्या आवाजात "बस" म्हणाला. ती बसली आणि डोक्यावरून शिडाची काठी सणकन फिरून गेली. त्यानंतर तिला ते पुन्हा शिकवावं लागलं नाही. तो आवाज आला की तिचं अंग आधी ऐके, मन नंतर.

जिल्ह्याच्या सामन्यात तिने त्या पलटीवर दोन मुली उलटवल्या. असा ताठ पाय कुणी पाहिलाच नव्हता, त्यामुळे काय होतंय हे कळायच्या आत त्या खाली गेल्या. विभागातही ती पहिली आली. मांडवीत धाकू काही दिवस वेगळाच चालू लागला. जाळी आणून टाकणाऱ्यालाही तो थांबवी आणि बसल्या जागी हाताने दाखवी, असा खांदा, असा पाय. टोनिन्योचं नाव हळूहळू त्या सांगण्यातून गेलं. आता ती शिवलकरांची पलटी झाली होती. तिथे कुणी हसलं नाही. पाय गेल्यापासून त्याला सांगण्यासारखं हे एवढंच होतं, आणि ते मुलीच्या अंगात उतरलं होतं.

पुढचा सामना राज्याचा, साताऱ्याला. त्यावर बरंच अवलंबून होतं. राजापूरकडचं एक स्थळ राहीसाठी सांगून आलं होतं. माणसं चांगली होती आणि थांबायला तयार नव्हती. दमयंतीला ते पसंत होतं. राहीला शिकायचं होतं, आणि पावसकर सर म्हणत होते की राज्याच्या संघात गेलेल्या मुलींना पोलिसात खेळाडू म्हणून घेतात. शेवटी नवराबायकोचं असं ठरलं की राही राज्याच्या संघात आली तर स्थळाला नकार कळवायचा आणि लग्नाचा विषय तिची नोकरी लागेपर्यंत काढायचा नाही. नाही आली तर वैशाखात लग्न. राहीने ते ऐकलं आणि मान हलवली. तिला ते न्याय्यच वाटलं.

साताऱ्याच्या महिनाभर आधी एक गोष्ट झाली. कॉलेजात सराव करताना कमळा तिच्या अंगावर होती आणि राहीचा पाय चुकून दुमडला गेला. पाऊल कमळाच्या मांडीखाली गेलं. राहीने ते नुसतं वर उचललं आणि जड अंगाची कमळा हलक्या टोपलीसारखी बाजूला गेली. राहीने पुन्हा करून पाहिलं. पुन्हा झालं. खांदा बापाने शिकवला तसाच काखेत, पण पाय आपला, दुमडलेला. तिला जोर लावावाच लागला नाही. कमळा म्हणाली, "हे सोपं हाय गो. मग आपण इतके दिवस कशाला मरत होतो?"

संध्याकाळी राहीने ते परसात धाकूला दाखवलं. त्याने पुन्हा दाखवायला सांगितलं. पुन्हा बघितलं. मग म्हणाला की हे बरोबर नाही. कमळा ओळखीची आहे म्हणून पडते. साताऱ्याला जड मुलगी अंगावर आली की दुमडलेला पाय तुझ्याच पोटात घुसेल, मग ना राखण ना पलटी. बोलणं अगदीच खोटं नव्हतं, तसं होऊ शकतं. राहीने एवढंच म्हटलं की सरळ पाय टाकला तर तिला अंग वळवायला फार जोर लागतो, तेवढा जोर तिच्यात नाही, आणि विभागात ती थोडक्यात वाचली होती. धाकू म्हणाला, जोर सरावाने येतो.

दमयंती चुलीपाशी मासे भाजत होती. ती तिथूनच बोलली, आवाज न चढवता.

"तुमचा पाय मोडला, म्हणून तिने पण मोडक्यासारखा धरायचा काय?"

त्या रात्री धाकू जेवायला बसला, पण पाय पुढे सोडून नेहमीच्या जागी नाही, दाराबाहेर पायरीवर. दुसऱ्या दिवशीपासून त्याने सराव दुप्पट केला, पाय सरळ, फक्त सरळ. राही त्याच्यासमोर तसं करी आणि कॉलेजात, तो नसताना, तिचं तिचं करी. खोटेपणा म्हणून नाही. बापाचं मन मोडू नये आणि सामनाही जाऊ नये, एवढाच तिचा हिशेब होता. साताऱ्याला तो मॅटपासून लांब, लोकांत बसेल असं तिने धरलं होतं.

पण साताऱ्याला पावसकर सरांना ताप आला आणि मॅटच्या कडेला सरांच्या खुर्चीवर धाकू बसला, पाय सरळ पुढे सोडून.

राही पहिल्या दोन लढती फेकीवरच जिंकली. तिसरी जिंकली की संघात जागा नक्की होती. समोर नागपूरची मुलगी होती, उंच, हाडापेराने मोठी. थोड्याच वेळात तिने राहीला खाली आणलं आणि ती अंगावर आली. राहीने तिचा एक पाय आपल्या पायांत पकडला. ज्युदोत खालच्याची पाठ ठरावीक वेळ दाबून धरली की लढत जाते, पण त्याने पाय पकडलेला असेपर्यंत पंच वरच्याची पकड मोजत नाहीत. ती अर्धी राखण होती, तिथे अजून काहीच गेलेलं नव्हतं. राहीचा खांदा काखेत शिरला. तिचा पाय दुमडला, पाऊल त्या मुलीच्या मांडीखाली गेलं, आणि कमळाने पुढे सांगितलं त्याप्रमाणे नागपूरच्या मुलीचं ढुंगण मॅटवरून सुटलं होतं, तिने घाईने एक हातही टेकला होता. कमळा बाकावरून उठून उभी राहिली होती.

तेव्हा कडेवरून आवाज आला. धाकू ओरडला नाही. खालच्या, सपाट आवाजात म्हणाला, "राही. पाय सरळ."

तिने पाय सरळ केला.

वरच्या मुलीचं वजन पुन्हा खाली आलं. सरळ पायावरून तिचा अडकलेला पाय सहज निसटला आणि ती पूर्ण आडवी झाली. पंचांनी हात पुढे करून पकड मोजायला घेतली. राही खालून धडपडली, पण आता राखायला काही उरलं नव्हतं. वेळ भरली, घंटा झाली. राही उठली, पंचांना वाकून नमस्कार केला आणि सदरा नीट करत खाली आली. तिच्या चेहऱ्यावर रडण्याचं काही नव्हतं. ती फक्त आपल्या उजव्या पायाकडे बघत होती, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे.

परतीची एसटी कऱ्हाडवरून घाटाने आली. धाकू दाराजवळच्या जागेवर होता, राही त्याच्या शेजारी, कमळा मागे. घाट उतरताना त्याने राहीला समजावलं की चूक कुठे झाली. तिने आधी पाय दुमडला हीच चूक. सांगितल्यावर सरळ केला, पण तोवर उशीर झाला होता. पहिल्यापासून सरळ असता तर ती मुलगी ओंडक्यावरून गेल्यासारखी गेली असती. तो रागाने बोलत नव्हता, मायेनेच बोलत होता. पुढल्या वेळी ध्यानात ठेव, असंही म्हणाला, आणि मग पुढली वेळ नाही हे आठवून गप्प झाला.

"होय, आबा," राही म्हणाली.

मागे कमळाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं. राहीने मागे हात नेऊन तिचा गुडघा दाबला.

राजापूरच्या माणसांना होकार गेला. राहीने कॉलेज सोडलं नाही, वर्ष पुरं करायचं असं ठरलं होतं, पण ज्युदोच्या वर्गाला ती पुन्हा गेली नाही. मांजरपाटाचा सदरा तिने कमळाला दिला. तो कमळाला होईना. घरात कुणी त्या सामन्याविषयी बोलत नसे. धाकू जाळी सांधी. कुणी विचारलं तर म्हणे, पोरीचा जोर कमी पडला. दमयंती ते ऐके आणि हातातलं काम चालू ठेवी. एकदा मात्र तिने सुपातले तांदूळ निवडता निवडता राहीला विचारलं की तुला जिंकता आलं असतं काय. राहीने सांगितलं की काय माहीत, झालं ते झालं. दमयंतीने पुन्हा विचारलं नाही, आणि तिला कळायचं ते कळलं.

लग्नाला आठवडा राहिला. परसात मांडव घालायचा होता म्हणून गादी तिथून काढणार होते. दुपारची वेळ होती, दमयंती बांगडीवाल्याकडे गेली होती. धाकू भिंतीच्या सावलीत बसून सुतळीचा गुंता सोडवत होता. राही आली आणि साडीचा पदर खोचून गादीवर पाठ टेकून पडली.

"आबा, जरा वर या."

धाकूला वाटलं ती थट्टा करते आहे. त्याने म्हटलं, बाबल्या येईल आता वासे घेऊन, त्याला सांग. राही म्हणाली, "बाबल्याकाका नको. तुम्ही या."

लग्न ठरलेली मुलगी, अंगाला हळद लागायची वेळ. तो अवघडला. पण तिच्या आवाजात काहीतरी होतं. ओरडणं नव्हतं, विनवणी नव्हती. तो हातांवर भार देत उठला, उजवा पाय बाजूला सोडून गादीवर आला आणि मोठ्या संकोचाने, सगळं वजन न टाकता, तिच्या अंगावर आडवा झाला. तिने त्याचा डावा पाय आपल्या पायांत पकडला.

"नीट वजन टाका."

त्याने टाकलं. तिचा खांदा त्याच्या काखेत आला, अगदी जिथे यायला हवा तिथे, त्यानेच शिकवला होता तसा. आणि आता ती पाय सरळ टाकणार म्हणून त्याचं अंग आपोआप त्या बाजूला सावध झालं. तिने पाय सरळ टाकला नाही. तिचा गुडघा दुमडला, पावलाचा वरचा भाग त्याच्या मांडीखाली आला आणि वर गेला. धाकूला आपण उचलले जातोय असं वाटलं. जोराने नाही. खाडीत भरतीचं पाणी शिरतं आणि वाळूवर टेकलेली होडी एकाएकी टेकलेली राहत नाही, तसं. पुढच्या क्षणी त्याची पाठ गादीवर होती, वर परसातल्या माडाचे झाप होते आणि मुलगी त्याच्या छातीवर आडवी होती, त्याचा हात काखेत धरून, पक्का, जसा सामन्यात धरतात तसा.

तिने त्याला लगेच सोडलं नाही. त्याने सुटायचा प्रयत्न करून पाहिला, आधी थोडा, मग खरा. सुटला नाही.

"साताऱ्याला हे झालं होतं?" त्याने विचारलं. त्याचा श्वास लागला होता.

"होत आलं होतं."

"मी बोललो तेव्हा?"

राहीने पकड सोडली, उठून बसली, केसांतला काथ्या काढला आणि पदर सारखा केला.

"परत एकदा दाखव," धाकू म्हणाला.

"नको, आबा. आता नको." ती उठली, हात न टेकता. "आई यायच्या आधी पीठ मळून ठेवायचं हाय."

ती आत गेली. धाकू तसाच पडून राहिला. थोड्या वेळाने बाबल्या खांद्यावर मांडवाचे वासे घेऊन परसात आला, तेव्हा धाकू पाठीवरच होता. त्याने डावा पाय, चांगला, गुडघ्यात दुमडला होता आणि पाऊल पुन्हा पुन्हा हवेत वर उचलत होता, जसं त्यावर कुणाचं तरी वजन आहे.

बाबल्याने वासे भिंतीला टेकवले. "काय धाकूशेठ, पडलात काय?"

धाकू त्याच्याकडे न बघता म्हणाला, "थांब जरा. गादी आत्ताच नको काढू."